पहिलं पोतं ज्वारीचं: शहरातल्या घरात स्थानिक, सेंद्रिय अन्न आणताना

पहिल्या महिन्यात मी जे केलं ते तुम्ही करू नका. पुण्यातल्या एका प्रदर्शनात गेले आणि उत्साहाच्या भरात हातसडीचा तांदूळ १० किलो, तूरडाळ ८ किलो, काळा गूळ, घाण्याचं तेल, नाचणी, जवस, राजगिरा, शिवाय पाच प्रकारची पिठं असं सगळं एकदम घेऊन आले. नवरा दोन खेपा करून पिशव्या वर आणत होता आणि एक शब्द बोलत नव्हता. ऑगस्टमध्ये डाळीत किडे झाले, तांदळाला खवट वास यायला लागला. मुलीने जवसाची चटणी ताटाच्या कडेला सरकवली ती सरकवलीच. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "अगं, धान्याला ऊन दिलं होतंस का?"

दिलं नव्हतं. द्यायचं असतं हेच माहीत नव्हतं.

सासूबाई बार्शीकडच्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी सगळं थांबवायला लावलं आणि म्हणाल्या, एक पोतं ज्वारी आण, बाकीचं पुढच्या वर्षी बघू. आज आमच्या घरातलं निम्म्याहून जास्त अन्न ओळखीच्या शेतांतून येतं, पण त्याला चार वर्षं लागली. चांगला माल मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. तो घरात टिकवणं आणि पाच माणसांच्या पानात रुळवणं, इथे खरा घाम निघतो. नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी तीन शब्द वेगळे करा

स्थानिक, सेंद्रिय आणि गावरान हे तीन शब्द बाजारात एकाच पिशवीत घालून विकले जातात. ते एक नाहीत.

स्थानिक म्हणजे जवळ पिकलेलं. मंचरजवळचा टोमॅटो पुण्यासाठी स्थानिकच, मग त्यावर दहा फवारण्या झालेल्या असोत. सेंद्रिय म्हणजे रासायनिक खतं, कीटकनाशकं, तणनाशकं न वापरता पिकवलेलं. ते हिमाचलातूनही येऊ शकतं. गावरान म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं वाण. इंद्रायणी तांदूळ घ्या. आपल्या मावळातला, चवीला छान, पण तो आंबेमोहोर आणि आयआर ८ यांच्या संकरातून केलेला सुधारित वाण आहे. त्यामुळे "गावरान इंद्रायणी" अशी पाटी दिसली की विकणाऱ्याला भाताबद्दल किती कळतं याचा अंदाज येतो.

तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय ते घरात बसून ठरवा. आमचा नियम असा: भाजी शक्यतो पन्नास किलोमीटरच्या आतली, धान्य-कडधान्य राज्यातलं, आणि दोन्ही होता होईल तेवढं बिनरसायनी. तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या तर आनंद, नाही मिळाल्या तर भांडण नाही.

"रेसिड्यू फ्री" हा आणखी एक शब्द द्राक्षांवर हमखास दिसतो. त्याचा अर्थ फवारणी झालीच नाही असा होत नाही. फवारणी आणि तोडणी यांत पुरेसे दिवस ठेवल्यामुळे औषधाचे अंश मोजण्याच्या मर्यादेखाली आहेत, एवढाच त्याचा दावा असतो. वाईट नाही, पण सेंद्रियही नाही.

२. महिनाभर वही ठेवा

काही विकत घेण्याआधी एक महिना फक्त लिहा: घरात काय किती लागतं, आणि काय फेकलं जातं. आमच्याकडे पाच माणसं, एक वेळ भाकरी. रोज आठेक भाकरी धरल्या तर महिन्याला १५ किलोच्या आसपास ज्वारी लागते. तांदूळ वाटला होता त्याच्या निम्माच लागतो, आणि शेंगदाणे दुप्पट. हे वहीशिवाय कळलं नसतं. जवस तर महिन्यात पाव किलोसुद्धा संपत नव्हता आणि मी दोन किलो आणला होता.

३. एकच जिन्नस निवडा

बहुतेक जण भाजीपासून सुरुवात करतात आणि तिथेच दमतात. भाजी नाशवंत, दर आठवड्याला नवा हिशेब, शिवाय शुक्रवारी टोपलीत सलग तिसऱ्यांदा मुळा आला की घरात बंड होतं. सुरुवात टिकणाऱ्या आणि रोज लागणाऱ्या जिनसाने करा. वर्षातून एकदाच शेतकऱ्याशी व्यवहार, वर्षभर पानात.

आम्ही ज्वारी निवडली, कारण सासूबाईंना ती डोळे मिटून ओळखता येते. रब्बीची मालदांडी: टपोरा, मोत्यासारखा दाणा, भाकरीला गोडवा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, काळ्या जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर ती येते. बऱ्याच कोरडवाहू शेतकऱ्यांकडे तिला मुळातच खत-औषध फार लागत नाही. म्हणून नवख्या माणसाला बिनरसायनी ज्वारी मिळणं हे बिनरसायनी वांगी मिळण्यापेक्षा कितीतरी सोपं. वांगं, फ्लॉवर, ढोबळी मिरची, द्राक्षं, डाळिंब ही सेंद्रिय पिकवायला अवघड पिकं आहेत. त्यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका.

तुमच्या घरात भाकरी होत नसेल तर तांदूळ किंवा तूरडाळ घ्या. कोकणातले असाल तर नाचणी, कुळीथ. विदर्भातले असाल तर तूर, तिखट, हळद. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जे पारखता येतं, तेच पहिलं आणा.

४. शेतकरी कसा शोधायचा

नात्यातून, आधी नात्यातून. मावसभावाचा मेहुणा शेती करतो हे आपल्याला लग्नात भेटेपर्यंत माहीत नसतं. दोन पिढ्या मागे गेलं की बहुतेक मराठी घरांचं एखादं गाव निघतंच.

नसेल तर हे रस्ते आहेत:

- शहरातले शेतकरी आठवडे बाजार. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, त्यानंतर थेट विक्री बरीच वाढली. पण स्टॉलवर बसलेला माणूस शेतकरीच आहे हे गृहीत धरू नका.
- तुमच्या जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव इथे आहेत. तालुका कृषी कार्यालयात "आत्मा" या सरकारी योजनेतले सेंद्रिय गट कोणते, हे विचारलं की नावं मिळतात.
- डिसेंबरातली पुण्याची भीमथडी, बचत गटांचं महालक्ष्मी सरस यांसारखी प्रदर्शनं. इथे खरेदी थोडी करा, फोन नंबर आणि गावाची नावं भरपूर घ्या. मी नेमकं उलटं केलं होतं.

जुन्या बियाण्यांमध्ये रस असेल तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं काम जरूर समजून घ्या. २०२० साली पद्मश्री मिळालेल्या या बाईंनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली. वालाचे किती प्रकार असतात हे मला त्यांच्यामुळे कळलं; तोवर वाल म्हणजे कडवे आणि गोडे एवढंच ठाऊक होतं.

५. काय विचारायचं आणि कोणते कागद बघायचे

हा टप्पा नीट वाचा, सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

पाकीटबंद माल दुकानातून घेत असाल तर पाकिटावर बघायच्या गोष्टी:

- "जैविक भारत" हे चिन्ह आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक.
- सोबत "इंडिया ऑरगॅनिक" किंवा "पीजीएस-इंडिया" यांपैकी एक चिन्ह. पहिलं त्रयस्थ संस्थेच्या तपासणीचं. दुसऱ्यात पाच किंवा जास्त शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करून हमी देतो.
- पीजीएसमध्ये "ग्रीन" लिहिलं असेल तर शेत अजून रूपांतराच्या काळात आहे. रासायनिक शेती सोडल्यावर हंगामी पिकांना साधारण दोन आणि फळबागांना तीन वर्षं थांबावं लागतं.

"नॅचरल", "फार्म फ्रेश", "केमिकल फ्री", "आजीच्या हातचं" ही चिन्हं नव्हेत. ती छपाई आहे.

गटाकडून किंवा मोठ्या विक्रेत्याकडून घेताना प्रमाणपत्राची प्रत मागा आणि तीन गोष्टी वाचा: मुदत, क्षेत्र, पिकाचं नाव. मी एकदा एका विक्रेत्याकडून सेंद्रिय म्हणून वर्षभराची तूरडाळ घेतली. प्रमाणपत्र दाखवलं होतं, लॅमिनेट केलेलं, शिक्क्यासकट. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तर ते उसाचं होतं.

थेट शेतकऱ्याकडून घेत असाल तर गोष्ट वेगळी. स्वतःचा माल स्वतः ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. फक्त त्याला "जैविक भारत" चिन्ह वापरता येत नाही. म्हणजे कागद नाही म्हणून माणूस खोटा, असं समजू नका. अशा वेळी प्रश्न कामाला येतात. मी हे विचारते:

"तण कसं काढता, काका?" खुरपणीला बाया मिळत नाहीत ही तक्रार ऐकू आली तर बरं वाटतं, कारण तणनाशक मारणाऱ्याला ती तक्रार नसते.

"कीड किंवा रोग आला की काय करता?" निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, आंबट ताक, ट्रायकोडर्मा (रोगावरची उपयोगी बुरशी) अशी उत्तरं येतात. दशपर्णी कसा करता म्हणून पुढे विचारा. ज्याने केलाय तो महिनाभर कुजवताना येणाऱ्या वासाबद्दल सांगतोच.

"शेणखत कुठून आणता? जनावरं किती?"

"शेजारच्या वावरात काय आहे? त्यांची फवारणी उडून येत नाही का?"

"यंदा काय गेलं?" हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. ज्याचं काहीच कधी जात नाही, सगळं सेंद्रिय आणि सगळं भरघोस, त्याच्याकडून मी घेत नाही.

"घरी खायला हेच ठेवता ना?" बरेच शेतकरी घरच्यापुरता वाफा वेगळा ठेवतात. त्या वाफ्यातलं विकत मिळालं तर सोनंच.

ओळख मुरल्यावर सातबाराचाही उपयोग होतो. त्यावरच्या पीकपाहणीत कोणतं पीक किती क्षेत्रावर आहे ते दिसतं. दीड एकर ज्वारीचा माणूस शंभर कट्टे विकत असेल तर उरलेली कुठून आली, एवढा हिशेब आपल्याला जमतो. पण पहिल्याच भेटीत सातबारा मागू नका. तुमच्याकडे सोयरीक जुळवायला आलेल्याने आल्या आल्या पगाराची स्लिप मागावी, तसं ते दिसतं.

प्रयोगशाळेत तपासून घेऊ का, असं बरेच जण विचारतात. औषधांच्या अंशांची तपासणी एका नमुन्याला काही हजार रुपये घेते. कट्टाभर ज्वारीसाठी ते परवडत नाही. दहा-बारा घरं मिळून वर्षाचा माल घेत असाल तर एखाद्या वेळी करायला हरकत नाही.

६. शेतावर जा, सगळे मिळून

वर्षातून एकदा तरी जा, आणि जायचंच तर हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत. तपासणीला आलोय असा आव आणू नका. आगटीत भाजलेली कणसं हातावर चोळून पोरांच्या ओंजळीत गरम हुरडा पडला, सोबत लसणाची चटणी, गूळ, दही, की बाकीचं शिक्षण आपोआप होतं. माझा मुलगा तोवर ज्वारी झाडाला लागते की जमिनीत येते याबद्दल गोंधळलेला होता. आता तो ताटातली भाकरी टाकत नाही, म्हणजे कमी टाकतो.

मोठ्यांनी बांधावरून फिरताना दोन गोष्टी पाहाव्यात. बांधावर रिकाम्या औषधाच्या बाटल्या पडल्यात का, आणि उकिरड्याची जागा आहे का. माती हातात घेऊन दाबा. भुसभुशीत, गांडुळं दिसणारी माती पटकन लक्षात येते. पण एका फेरीत सगळं कळतं असंही नाही.

जाताना मोकळ्या हातांनी जाऊ नका, आणि जेवायला थांबा म्हटलं तर थांबा. मावशींनी चुलीवर केलेलं पिठलं नाकारून तुम्ही निघालात की पुढच्या वर्षी तुमचा कट्टा शेवटचा भरला जातो.

७. भाव, वजन, वाहतूक

भाव घासू नका, पण स्पष्ट बोला. आमच्या अनुभवात चांगल्या ज्वारीला बाजारापेक्षा किलोमागे १० ते २५ रुपये जास्त पडतात. पोतं, कट्टा, बाचकं यांचे किलो गावागणिक बदलतात, म्हणून व्यवहार किलोवर करा. माल निवडलेला आहे की कचऱ्यासकट, पोहोच कुठपर्यंत, हमाली कुणाची, हे आधीच ठरवा.

एका घरासाठी गाडी येत नाही. चार-पाच घरं एकत्र आली की शेतकऱ्यालाही परवडतं. पैसे आगाऊ, माल एकाच दिवशी, वजन सगळ्यांसमोर. आणि उधारी ठेवू नका. मी एका वर्षी बावीस घरांचा हिशेब सांभाळला. पाच जणांनी "नंतर देते गं" म्हटलं, एकीने ज्वारी बारीक आहे म्हणून परत पाठवली. आता आम्ही सहाच घरं आहोत आणि सुखात आहोत.

हंगाम लक्षात ठेवा, कारण त्याच वेळी माल ताजा आणि भाव रास्त असतो. भात नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. गुऱ्हाळं थंडीत पेटतात. हळद आणि तिखट उन्हाळ्यात.

८. साठवण: इथे चुकलात तर सगळं गेलं

आधी साहित्य:

- पत्र्याची किंवा स्टीलची कोठी, घट्ट झाकणाची
- जुन्या सुती साड्या किंवा चादरी, वाळवणासाठी
- सूप, दोन मापांच्या चाळण्या
- सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला
- एरंडेल तेल
- स्वयंपाकघरात टांगायचा छोटा काटा
- चिकटपट्टी आणि पेन. डब्यावर काय, कुणाकडचं, कधी भरलं ते लिहायला

बाजारातल्या धान्याला बहुधा गोदामात धुरी दिलेली असते, म्हणून ते महिनोन्‌महिने टिकतं. शेतातून थेट आलेल्या धान्यात किडीची अंडी असतातच. ती तुमच्या घरी येऊन फुटतात. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही.

धान्य आलं की एप्रिल-मेच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस पसरा. दाणा दाताखाली कट्‌कन वाजला पाहिजे. मग, आणि हे मी दोनदा लिहिणार आहे, सावलीत पूर्ण गार करून भरा. गरम धान्य कोठीत गेलं की आत वाफ धरते आणि बुरशी येते. पूर्ण गार करून भरा. तळाला आणि मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला, कोठी काठोकाठ, झाकण घट्ट. रोजच्या वापराचं धान्य वेगळ्या डब्यात काढा. मोठी कोठी महिन्यातून एकदाच उघडायची.

गच्ची नसेल तर? आमच्या सहा घरांपैकी दोघींकडे नाही. त्या तीन-चार किलोच्या पिशव्या करून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवतात. अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता घरच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर दाण्यांना पाणी सुटतं.

तूरडाळीला किलोमागे छोटा चमचाभर एरंडेल चोळतात. मूग-मटकीला आमच्या सासूबाई गोवरीची चाळलेली राख लावतात. हातसडीचा तांदूळ मात्र कितीही जपला तरी कोंड्यातल्या तेलामुळे खवट होतो, म्हणून दीड-दोन महिन्यांपुरताच आणा. शेंगदाणे शक्यतो शेंगांसकट ठेवा. बुरशी दिसलेले, काळपट-हिरवट, कडू दाणे निवडून सरळ टाकून द्या. भाजून वापरू असं म्हणू नका, ते विष भाजून जात नाही.

एक सूचना अगदी गंभीरपणे. दुकानदार धान्यात ठेवायला औषधाच्या गोळ्या किंवा पुड्या देतात. त्यातल्या गोदामी धुरीच्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो आणि बंद घरात त्याने माणसं दगावली आहेत. घरात आणूच नका. किडा लागला तर लागला. चाळा, निवडा, ऊन द्या. चार सोंडे निघाले म्हणून पोतं वाया जात नाही.

९. स्वयंपाकघरात हळूहळू

ज्वारी दळायला देताना गिरणीत "ज्वारीवर ज्वारी" सांगा, नाहीतर आधीचा गहू मिसळतो. दळण आठ-दहा दिवसांचंच. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना तुटते आणि आपण दोष मालदांडीला देतो. विरी कमी वाटली तर आधणाच्या पाण्यात पीठ मळा. तरीही तुटली तर थालीपीठ लावा.

तांदूळ बदलताना निम्मा जुना, निम्मा हातसडीचा असा भात करा. आधी अर्धा-पाऊण तास भिजवा, पाणी जास्त घाला. नवा इंद्रायणी चिकट होतो, तो मऊ भात आणि मेतकुटासाठीच बरा. मोकळा हवा तर वर्षभर जुना शोधा. आंबेमोहोराच्या नावाखाली भलतेच बारीक तांदूळ खपतात, म्हणून आधी पाव किलो आणून शिजवून बघा. वास घरभर फिरला पाहिजे.

पॉलिश न केलेली डाळ तासभर भिजवून मगच कुकरला लावा.

घाण्याचं तेल घेताना साधा हिशेब करा. लाकडी घाण्यावर लिटरभर तेलाला अडीच ते तीन किलो शेंगदाणे लागतात. पेंडीचे पैसे वजा करूनही तेलाचा भाव त्या दाण्यांच्या भावापेक्षा फारच खाली असेल, तर त्या बाटलीत दुसरं काहीतरी आहे. गाद खाली बसते, ती चालते. वास उग्र वाटेल, म्हणून पहिले पंधरा दिवस फक्त फोडणीला आणि चटणीवर घ्या. सोलापूर-मराठवाड्याकडची माणसं असाल तर करडईचं तेल मिळवा. भाकरी, चटणी आणि वर कच्चं करडईचं तेल याला तोड नाही.

गुळाचा रंग जितका पिवळाधमक तितकी त्यात हायड्रोसची, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाची, शक्यता जास्त. साधा गूळ तांबूस-काळपट, थोडा मऊ असतो आणि पावसाळ्यात पाझरतो. काचेच्या बरणीत ठेवा. चहात घालायचा तर पातेलं गॅसवरून उतरवल्यावर, नाहीतर दूध फाटतं.

मुलांच्या बाबतीत एकच सांगते: महिन्याला एकच बदल, आणि तो जाहीर करायचा नाही. "आजपासून पौष्टिक" म्हटलं की संपलं. नाचणीत दर १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे आपल्याला माहीत असलं म्हणजे झालं, मुलांना फक्त डोसा कुरकुरीत लागला पाहिजे. आमच्याकडे शनिवारची भेळ आणि कधीमधी नूडल्स अजूनही आहेत. नवऱ्याचा साखरेचा चहाही आहे. त्यावर मी बोलत नाही.

१०. भाजी, सर्वांत शेवटी

धान्य-तेल-गूळ रुळलं की भाजीकडे वळा. नियम एकच, मोसमाबाहेरचं मागायचं नाही. मे महिन्यात "सेंद्रिय फ्लॉवर" असं जो ठणकावून विकतो, त्याला पिकवणारा कोण ते विचाराच. मोसमात कीड कमी, फवारणी कमी, भावही कमी. थंडीत चाकवत, मेथी, पावटा, गाजर, ओला हरभरा. उन्हाळ्यात गवार, काकडी, भोपळा, घोळ. पावसाळ्यात दोडका, पडवळ, अळू, अंबाडी.

आपल्या सणांनी हे वेळापत्रक आधीच लावून ठेवलंय. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि थंडीतल्या सगळ्या भाज्या एकत्र. ऋषिपंचमीची भाजी तर बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेल्या जिनसांचीच करायची. परसातली, बांधावरची, हातांनी लावलेली भाजी वर्षातून एक दिवस तरी खायची, असा तो नेम आहे. मुलांना हे सांगितलं तर आवडतं.

पानांना भोकं म्हणजे सेंद्रिय, मुळांना माती म्हणजे ताजी, हे दोन्ही समज सोडा. आळ्या फवारणी केलेल्या भाजीतही सापडतात. आणि सेंद्रिय भाजी न धुता चालते असं तर अजिबात नाही. शेणखतातली माती असते, पालेभाजी तीन पाण्यांतून काढा.

पावसाळ्यात रानभाज्यांचा मोह होईल आणि व्हायलाच हवा. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमाराला कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे करटोली, भारंगी, कुर्डू, टाकळा, फोडशी ओळखायला शिका. मोबाइलमधले फोटो बघून टेकडीवरून स्वतः खुडून आणू नका. विकायला बसलेल्या मावशींनाच विचारा, कशी करायची तेही त्याच सांगतात. माझ्या पहिल्या शेवळ्यांच्या भाजीने घरातल्या पाचही जणांचे घसे असे खाजले की रात्री अकराला चिंचेचं पाणी करून प्यावं लागलं. मावशींनी सोबत दिलेली काकडं मी "ही कसली कडक फळं" म्हणून बाजूला ठेवली होती. शेवळं काकडांच्या रसातच शिजवायची. आता जूनच्या पहिल्या पावसानंतर त्या मावशी फोन करतात आणि दोन जुड्या बाजूला काढून ठेवतात, काकडांसकट.